सावलीतले खड्डे, सौर वारा आणि 'पाणी' या शब्दाचा घोळ

२१ जूनला उज्जैनच्या वेधशाळेत शंकुयंत्रापाशी दुपारी गर्दी जमते, सावली गायब होताना बघायला. मागे एकदा आम्ही इंदूरहून भाच्याला घेऊन गेलो होतो, ऐन वेळेला ढग आले ती गोष्ट वेगळी, पण परतताना गाडीत तो म्हणाला, मामा, याच्या उलट म्हणजे सावली कधीच जात नाही अशी पण जागा असेल का कुठे? आहे ना, चंद्रावर. आपली पृथ्वी साडेतेवीस अंश कललेली म्हणून सूर्य जूनमध्ये थेट आपल्या डोक्यावर येतो. चंद्राचा कल जेमतेम दीड अंश, त्यामुळे त्याच्या ध्रुवांवर सूर्य क्षितिजाला घासूनच फिरतो आणि खोल खड्ड्यांच्या तळाशी कोट्यवधी वर्षांत ऊन पोचलेलंच नाही. काही ठिकाणी उणे २३८ अंश तापमान मोजलंय.

अशा खड्ड्यांत बर्फ टिकून राहील हे १९६१ मध्येच कागदावर मांडलं गेलं. सौर वाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या कणांची, कल्पना त्याच्या तीन वर्षं आधीची, १९५८ ची. ती मांडणारा लेख दोन्ही परीक्षकांनी नापास केला होता, संपादकाने स्वतःच्या जबाबदारीवर छापला, आणि तो संपादक म्हणजे लाहोरला जन्मलेला तमिळ माणूस, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, हे आपलं जाता जाता. पण या दोन कल्पना बरीच वर्षं आपापल्या वाटेने चालल्या. ऊन नाही म्हणजे वारा पण नाही, असंच बहुतेकांनी धरलं होतं.

त्या समोरासमोर आल्या १९९८ मध्ये आणि आल्या त्या भांडतच. एका अमेरिकन यानाने न्यूट्रॉन मोजले आणि दोन्ही ध्रुवांवर हायड्रोजन जास्त असल्याचं दिसलं. लगेच बातमी झाली, चंद्रावर बर्फ! आता गंमत बघा, ते उपकरण पाणी ओळखतच नाही, ओळखतं फक्त हायड्रोजन. आणि सौर वारा म्हणजे तरी काय, बहुतांश प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटरने येणारे. प्रोटॉन म्हणजेच हायड्रोजनचं केंद्रक, तो मातीच्या कणात घुसून बसला की उपकरणाला तोही हायड्रोजनच दिसणार. म्हणजे तिथे बर्फ आहे की नुसता वाऱ्याने आणून टाकलेला हायड्रोजन, हे त्या आकड्यावरून ठरवताच येत नव्हतं, पण मथळ्यात 'पाणी' छापून गेलं ते गेलंच. १९९९ मध्ये तेच यान मुद्दाम दक्षिण ध्रुवाजवळच्या एका खड्ड्यात आपटलं, वाफ दिसेल या आशेने. काही दिसलं नाही.

दुसरा घोळ २००९ चा, आणि हा आपल्या घरचा. चांद्रयान-१ वरच्या अमेरिकन उपकरणाने चंद्रावरून परत येणाऱ्या प्रकाशात तीन मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास खूण पकडली. ती खूण पाण्याचीही असू शकते आणि हायड्रॉक्सिलचीही, म्हणजे एक ऑक्सिजन, एकच हायड्रोजन, अर्धवट पाणी म्हणा. शिवाय ती उन्हातल्या मातीवर पण दिसत होती, तिथे बर्फ टिकणं शक्यच नाही. मग हा हायड्रोजन आला कुठून? सगळ्यात पटणारं उत्तर सौर वाराच, त्याचे प्रोटॉन मातीतल्या ऑक्सिजनला चिकटतात. इथे इंदूरला राजवाड्यापर्यंत पेपरवाले 'चांद पे पानी' ओरडत होते, आणि लोकांच्या डोळ्यांसमोर बहुतेक यशवंतसागर तलाव. माझं स्पष्ट मत आहे की श्रेय वाटताना आपल्याला कमी मिळालं, १४ नोव्हेंबर २००८ ला चांद्रयान-१ ने सोडलेला आपला तिरंग्यावाला प्रोब ध्रुवाजवळ आदळताना पाण्याची वाफ मोजत गेला होता, पण ते जाहीर झालं उशिरा. असो. ९ ऑक्टोबर २००९ ला अमेरिकेने एक रिकामं रॉकेट कॅबियस खड्ड्यात आपटलं आणि उडालेल्या मातीत वजनाने साडेपाच टक्क्यांच्या आसपास पाणी निघालं. हे मात्र खरं पाणी.

पुढच्याच वर्षी सौर वाऱ्याबद्दलची समजूत उलटली. मे महिन्यात माळव्यात लू चालते तेव्हा जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरा, वारा वरून निघून जातो, तळ थंड. ध्रुवावर सौर वारा पण तसाच आडवा जातो, तर खड्ड्यात कसा शिरणार? २०१० च्या गणिताने दाखवलं की शिरतो. इलेक्ट्रॉन हलके आणि चपळ, ते काठ ओलांडून आधी आत पसरतात, जड प्रोटॉन मागे राहतात, आत ऋण भार साचतो आणि तोच भार मग प्रोटॉनना खाली खेचून घेतो. वाऱ्याच्या आडोशाला असलेली भिंत शेकडो व्होल्ट ऋण होऊ शकते. डिसेंबरात रात्री अंधारात ब्लँकेट ओढलं की चट्‌चट् ठिणग्या दिसतात ना, त्याच जातीचं प्रकरण, फक्त तिथे भार जायला वाटच नाही, कोरडी थंड माती वीज वाहूनच नेत नाही.

आत आलेला प्रोटॉन बर्फावर आदळला की वरचे रेणू उडवतो. म्हणजे जो वारा हायड्रोजन आणून देतो तोच बर्फ झिजवतो पण. २०१८ मध्ये चांद्रयान-१ च्याच जुन्या डेटातून सावलीतल्या पृष्ठभागावर बर्फाची थेट खूण निघाली, आणि २०१९ मध्ये एका गटाने हिशेब मांडला की वरचा दवासारखा पातळ थर दोन हजार वर्षांपेक्षाही तरुण असावा, कारण उल्कांचे कण आणि सौर वारा मिळून तो सतत उडवत असतात. खालचा जुना बर्फ वेगळा.

या वाऱ्याला महिन्यातून काही दिवस बऱ्यापैकी सुट्टी असते, पौर्णिमेच्या आसपास, चंद्र पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीतून जातो तेव्हा. म्हणजे कोजागिरीला आपण गच्चीवर दूध आटवत चंद्र बघत असतो तेव्हा त्या खड्ड्यांवरचा मारा बराच थांबलेला असतो, दोन-तीन दिवसांनी परत सुरू.