निवडक अवक्षेपण (सॉल्ट ॲनालिसिसमधलं, म्हणजे क्षारात काय काय आहे ते ओळखण्याच्या प्रयोगातलं)

एकाच द्रावणात चार-पाच धातूंचे आयन मिसळलेले असतील तर त्यात असं काहीतरी घालायचं की ठराविक आयनच न विरघळणारा क्षार होऊन तळाशी बसतील आणि बाकीचे वरच्या पाण्यात तसेच राहतील, यालाच निवडक अवक्षेपण म्हणतात. तळाशी बसतो तो अवक्षेप किंवा साका, पण लॅबमध्ये सगळे सरळ पीपीटीच (प्रेसिपिटेटचं लघुरूप) म्हणतात. पीपीटी गाळून घ्यायचा, गाळलेल्या पाण्यात पुढचं रिएजंट (साका पाडणारं रसायन) घालायचं, असं एकेक करत जायचं. हे सगळं नीट क्रमाने बसवण्यात जर्मन केमिस्ट फ्रेसेनियस यांचा मोठा वाटा, त्यांची पद्धत १८४१ साली छापून आली आणि आजचे गट (एकेका पायरीला एकत्र खाली बसणाऱ्या धातूंचे) बऱ्याच अंशी तिच्यावरच उभे आहेत.

मुळात खेळ आहे विद्राव्यता गुणाकाराचा, म्हणजे द्रावणातल्या आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार ज्या आकड्यापलीकडे गेला की क्षार खाली बसायला लागतो त्या आकड्याचा. सिल्व्हर क्लोराइडचा हा आकडा साधारण १.८ गुणिले १० चा उणे १० वा घात, तर लेड क्लोराइडचा १.७ गुणिले १० चा उणे ५ वा घात. आता समजा दोन्ही धातू ०.०१ मोलर (लिटरला ०.०१ मोल) आहेत आणि आपण क्लोराइड थेंबथेंब वाढवत चाललोय. चांदी अगदी नावापुरत्या क्लोराइडलाच खाली बसायला लागते, शिशाला मात्र ०.०४ मोलरच्या आसपास लागतं, आणि तिथवर पोचेपर्यंत द्रावणात चांदी जवळजवळ उरलेलीच नसते. बघा, एवढ्या फरकावर दोन धातू वेगळे होतात.

पहिला गट विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडचा, यात चांदी, शिसं आणि मर्क्युरस पारा (पाऱ्याचं +१ रूप) येतात, तिघांचा साका पांढराच, म्हणजे नुसत्या रंगावरून काही कळत नाही. मग तो साका उकळत्या पाण्याने धुवायचा. लेड क्लोराइड गार पाण्यात १०० मिलीला १ ग्रॅमच्या आसपास विरघळतं आणि उकळत्या पाण्यात त्याच्या तिपटीहून जास्त, त्यामुळे शिसं पाण्याबरोबर निघून जातं, त्या पाण्यात पोटॅशियम क्रोमेट घातलं की पिवळाजर्द साका आला, शिसं पक्कं. उरलेल्यावर अमोनिया ओतला की चांदी विरघळते (नायट्रिक ॲसिड घालून आम्लधर्मी केलं की परत पांढरी येते) आणि पारा असेल तर जागच्या जागी काळा पडतो. गार पाण्यातही शिसं थोडं विरघळतंच, म्हणून ते पहिल्या गटात पूर्ण कधीच बसत नाही आणि दुसऱ्या गटात पुन्हा हजेरी लावतं, नवशिक्यांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. ॲसिड भरमसाठ ओतलं तरी गडबड, क्लोराइड जास्त झालं की साका कॉम्प्लेक्स (धातूला जादा क्लोराइड चिकटून झालेला विद्राव्य आयन) होऊन परत विरघळायला लागतो.

माझ्या मते खरी हुशारी दुसऱ्या आणि चौथ्या गटात आहे, कारण रिएजंट दोन्हीकडे एकच, हायड्रोजन सल्फाइड, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस (विषारी आहे, फ्यूम हूडमध्येच वापरायचा, आणि जास्त प्रमाणात असला तर वास येणंच बंद होतं म्हणून नाकावर भरवसा नको). ॲसिड असलं की सल्फाइड आयन दाबले जातात, हायड्रोजन आयन दहापट केले तर सल्फाइड शंभरपट कमी. मग ०.३ मोलरच्या आसपास ॲसिडमध्ये तांबं, कॅडमियम, बिस्मथ असे कमालीचे अविद्राव्य सल्फाइड तेवढे बसतात, कॅडमियमचा तर सुंदर पिवळा. जस्त, मँगनीज, निकेल, कोबाल्ट वरच राहतात, त्यांना पुढे अमोनिया घालून द्रावण आम्लारीधर्मी केल्यावर तोच गॅस खाली आणतो.

मधला तिसरा गट अमोनियम क्लोराइड आणि अमोनियाचा, यात धातू हायड्रॉक्साइड होऊन बसतात: लोखंडाचा तांबूस-तपकिरी, ॲल्युमिनियमचा पांढरा जेलीसारखा, क्रोमियमचा हिरवट. इथे अमोनियम क्लोराइड आधी घालायचं, नंतर नाही, ते हायड्रॉक्साइड आयन आवरून धरतं, नाहीतर मँगनीज, मॅग्नेशियम हेही सोबत बसायला लागतात. त्याआधी दुसऱ्या गटातला उरलेला हायड्रोजन सल्फाइड उकळून पूर्ण घालवायचा आणि मग नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून फेरसचं (लोखंडाचं +२ रूप) फेरिक (+३ रूप) करायचं. हा क्रम उलटा केला की उरलेल्या गॅसचं गंधक होतं आणि द्रावण दुधासारखं गढूळ दिसतं, तो धातूचा साका नव्हेच.

पाचव्या गटात अमोनियम कार्बोनेटने बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम बसतात, शेवटी मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम उरतात.

गट सापडला म्हणजे धातू सापडला असं नाही, कन्फर्मेटरी टेस्ट (धातू पक्का करणारी वेगळी चाचणी) लागतेच. तांब्याला जास्त अमोनियात गडद निळा रंग, फेरिकला पोटॅशियम फेरोसायनाइडने प्रशियन ब्लू, निकेलला डायमिथिलग्लायॉक्झाइमने लालबुंद साका, ही शेवटची टेस्ट चुगाएव या रशियन केमिस्टने १९०५ मध्ये दिली. आणि प्रत्येक गटानंतर वरच्या निवळ पाण्यात त्याच रिएजंटचा अजून एक थेंब टाकून बघायचा, गढूळ झालं तर मागचा गट अजून संपलेला नाही.