बोस्के देल अपाची: क्रौंच बघायला निघण्यापूर्वी

न्यू मेक्सिकोतल्या या अभयारण्यात सगळा खेळ दोन अर्ध्या तासांचा असतो, एक सूर्योदयाचा आणि एक सूर्यास्ताचा. सकाळी अकराला पोचलेल्यांना शेतात चरणारे पक्षी लांबून दिसतात आणि एवढा प्रवास कशाला केला, असं वाटतं. म्हणून आमच्या सहलीची गाडी आल्बकर्कीहून दुपारी निघते. आधी संध्याकाळ, मग जवळच्या सोकोरो गावात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पहाट.

यायचं ते नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. उन्हाळ्यात क्रौंच उत्तरेला गेलेले असतात. इथे ऊन आणि डास तेवढे असतात. डिसेंबरमधल्या क्रौंच महोत्सवाच्या दिवसांत सोकोरोत खोली मिळणं अवघड, तेव्हा त्या तारखा हव्या असतील तर आम्हाला बरंच आधी कळवा.

चिवावा वाळवंटातून रिओ ग्रांदे वाहते आणि तिचं पाणी कालव्यांनी आणून इथली उथळ तळी भरली जातात. 1939 साली स्थापन झालेलं हे अभयारण्य 57,331 एकरांचं आहे. इथला सँडहिल क्रौंच म्हणजे आपल्या गोंदियाच्या सारसाचा धाकटा चुलतभाऊ: राखाडी अंग, कपाळावर लाल ठिपका. रात्री तो तळ्यातल्या उथळ पाण्यात उभा राहून झोपतो, कारण कोल्ह्यासारखा कायोटी पाण्यात शिरला की आवाज होतो. दिवसा मक्याच्या शेतात चरायचं, अंधारायला लागलं की पाण्यावर परतायचं. तुम्हाला बघायची आहे ती हीच जा-ये.

स्वतःच्या गाडीने येणार असाल तर आल्बकर्कीहून आय-25 महामार्गाने दक्षिणेला या. अंतर साधारण 90 मैल, दीड तास धरा. एक्झिट 139 ला उतरून यूएस 380 ने पूर्वेला सॅन अँटोनियो गाव गाठा आणि तिथून हायवे 1 ने दक्षिणेला आठेक मैल या. फोनमध्ये नुसतं ‘सॅन अँटोनियो’ टाकू नका, तो टेक्सासचा रस्ता दाखवेल, सातशे मैलांचा! अभयारण्याचं पूर्ण नाव टाका. पेट्रोल सोकोरोतच भरा, आत पंप नाही. प्रवेशशुल्क गाडीमागे असतं, राष्ट्रीय वार्षिक पासही चालतो.

डिसेंबरच्या मध्यात सूर्य सातनंतर उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. पहाटे पावणेसहाला हॉटेल सोडलं तर सव्वासहापर्यंत तळ्याकाठी पोचता येतं. पण कोणत्या तळ्याकाठी? पाणी दरवर्षी त्याच तळ्यांत असतं असं नाही. गेल्या वर्षीचा फोटो बघून कोरड्या तळ्यासमोर उभी राहिलेली मंडळी दर हंगामात दिसतात. आदल्या संध्याकाळी माहिती केंद्रात विचारा, किंवा पक्षी नेमके कुठे उतरतात ते स्वतः बघून ठेवा. पहाटे ते तिथूनच उडतात.

आधी उठतात ती स्नो गूज, म्हणजे पांढरी हंसबदकं. हजारो पक्षी एकाच क्षणी उठतात, आणि पंखांचा आवाज बंद गाडीतही ऐकू येतो. क्रौंचांना अशी घाई नसते. ते दोघं-तिघं, कुटुंबाकुटुंबाने निघतात. एखाद्याने मान पुढे लांब करून अंग वाकवलं की कॅमेरा त्याच्यावर धरा; पुढच्या काही क्षणांत तो चार पावलं पळून हवेत जाणार. पाण्यावर बर्फाचा पापुद्रा असेल तर ती चार पावलं घसरतातही. उडत्या पक्ष्याला कॅमेऱ्याचं शटर 1/1600 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. दुर्बीण 8×42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे. त्याहून जास्त मोठं दाखवणारी गारठलेल्या हातात थरथरते.

थंडीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. वाळवंट म्हणून लोक पातळ जाकिटात येतात आणि इथे पहाटे शून्याखाली पाच-सात अंश असतं. आत थर्मल, वर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, दोन मोजे, हातमोजे. आईबाबा भारतातून आले असतील तर त्यांची माकडटोपी आणायला लाजू नका, तिच्याइतकं कामाचं काही नाही. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात ती पटकन उतरते. हवा कोरडी आणि उंची साडेचार हजार फूट, तेव्हा ओठांना व्हॅसलीन आणि माणशी किमान दीड लिटर पाणी हवंच.

उजाडल्यावर बारा मैलांचा गाडीरस्ता सावकाश फिरा, दोन-तीन तास सहज जातात. निघण्यापूर्वी माहिती केंद्रातलं स्वच्छतागृह गाठा. पक्षी गाडीला फारसे बिचकत नाहीत, दार उघडून माणूस उतरला की मात्र उडतात. काच खाली करून आतूनच बघा. पाखरांना खायला घालायचं नाही आणि ड्रोन उडवायला बंदी आहे.

जेवणाचं आधीच सांगून ठेवतो. इथली हिरवी मिरची प्रसिद्ध आहे, पण तिच्या रश्श्यात बहुधा डुकराचं मांस असतं आणि राजम्यासारख्या दिसणाऱ्या बीन्समध्येही कधी कधी चरबी घालतात. शाकाहारी मंडळींनी दोन्ही विचारूनच मागवावं. पहाटेसाठी आमच्या गाडीत चहाचा थर्मास आणि दशम्या असतात. उपवास असेल किंवा कांदा-लसूण चालत नसेल तर दोन दिवस आधी कळवा.