रक्तवाहिन्या

हृदयातून निघालेलं रक्त अंगभर फिरवून परत हृदयात आणणाऱ्या नळ्या म्हणजे रक्तवाहिन्या. बोलताना आपण सरसकट 'नस' म्हणतो आणि तिथंच घोळ होते, कारण कंबरेत 'नस दबली' म्हणतात ती चेतातंतूची गोष्ट राहते आणि सलाइन लावताना 'नस सापडून नाही राहिली' म्हणतात ती शिरा.

हृदयापासून दूर नेणारी ती धमनी, परत आणणारी ती शिरा. शुद्ध-अशुद्ध रक्तावरून पाठ करू नका, फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत कमी ऑक्सिजनचंच रक्त राहते. दोन्हींच्या भिंतीला तीन थर. आत पेशींचा एकपदरी गुळगुळीत अस्तर, मधात स्नायू आणि लवचिक तंतू, बाहेरून संरक्षणाचं आवरण. धमनीला प्रत्येक ठोक्याचा दाब सोसावा लागते म्हणून तिचा मधला थर जाड.

पण या नळ्या नळाच्या पाइपासारख्या निर्जीव नाहीत, हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते. बारीक धमन्यांचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि कुठं किती रक्त जाईल ते त्यावर ठरते. त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबात प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कातडीतल्या वाहिन्या उष्णता बाहेर टाकायला मोकळ्या होतात. आरामात असताना पूर्ण हृदय मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त फेकते, अन् कडक उन्हात एकट्या कातडीकडे ६ ते ८ लिटर जाऊ शकते! त्यात पाणी कमी पिलं की रक्तदाब पडतो आणि उठल्याबरोबर डोळ्यापुढं अंधारी येते, म्हणून नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, झटक्यात उभं राहू नका.

शिरांत दाब कमी, भिंत पातळ, पण शरीरातलं ६० ते ७० टक्के रक्त एका वेळी त्यांच्यातच राहते. पायातलं रक्त वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू शिरा दाबतात आणि आतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. हात खाली सोडून फुगलेली शीर मनगटाजवळ बोटानं दाबा, दुसऱ्या बोटानं कोपराकडे निपटत न्या, झडपेपर्यंतचा तुकडा सपाट राहतो, पहिलं बोट उचललं की भरतो. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं १६२८ मध्ये असंच दाखवलं होतं. नागपूरच्या बर्डी बाजारात दिवसभर दुकानात उभे राहणाऱ्यांच्या पोटऱ्या हालत नाहीत, रक्त साचते, झडपा कमजोर होऊन व्हेरिकोज व्हेन्सचा, म्हणजे पायाच्या शिरा फुगून वाकड्यातिकड्या होण्याचा त्रास होऊ शकतो.

धमन्या-शिरांना जोडणाऱ्या केशवाहिन्यांची भिंत एकाच पेशीच्या जाडीची, त्यातूनच ऑक्सिजन आणि अन्न पेशींना पोचते. मालपिघी या इटलीच्या शास्त्रज्ञानं १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात त्या पाहिल्या. लाल पेशीला इथून अंग दुमडून निघावं लागते, इतकी जागा अरुंद. विदर्भातल्या कितीतरी घरांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यात लाल पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, दुमडत नाही, बारीक वाहिन्यांत अडकते, मागची वाहतूक थांबते, अन् लेकरू हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडते.