रुपया, पौंड आणि पॅरिसची टांकसाळ

ऑगस्ट महिना आला की ‘१९४७ साली एक डॉलर म्हणजे एक रुपया होता’ असा संदेश मोबाइलवर फिरू लागतो आणि सुशिक्षित माणसेही तो अभिमानाने पुढे पाठवतात. साध्या भागाकारानेही त्यातली चूक कळते. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर १८ पेन्स ठरला होता. पौंडाचे पेन्स २४०, म्हणजे एक पौंड १३ रुपये ५ आणे ४ पैचा. आणि १९४७ मध्ये पौंडाला ४.०३ डॉलर मिळत असल्याने डॉलर सुमारे ३.३१ रुपयांना पडत होता. रुपया पौंडाला बांधलेला होता आणि डॉलरचा दर केवळ त्यातून निघत होता. या बंधनामागचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास मात्र त्या संदेशापेक्षा कितीतरी अधिक जाणून घेण्यासारखा आहे.

१८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन (वजनाचे एक जुने, लहान माप) आणि त्यातील शुद्ध चांदी १६५ ग्रेन ठरली. कोणीही मुंबईच्या किंवा कोलकात्याच्या टांकसाळीत चांदी द्यावी आणि थोडी घडणावळ भरून रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. त्यामुळे रुपया चांदीपेक्षा महाग झाला की लोक चांदी टांकसाळीत नेत, स्वस्त झाला की रुपये वितळवत. तिकडे इंग्लंडच्या सॉव्हरिनमध्ये, म्हणजे एक पौंडाच्या सोन्याच्या नाण्यात, ११३ ग्रेन शुद्ध सोने असे. सोने चांदीच्या साडेपंधरा पट धरले, तर ११३ ला १५.५ ने गुणून १६५ ने भागावे. पौंडाला सुमारे १०.६ रुपये, म्हणजे रुपयाला साधारण साडेबावीस पेन्स येतात. १८७० च्या आसपासचा प्रत्यक्ष दरही याच्या जवळपास, २३ पेन्सच्या घरात होता.

पण सोने साडेपंधरा पटच का? हे प्रमाण निसर्गाने ठरवलेले नव्हते. फ्रान्सने १८०३ मध्ये ते कायद्यात लिहिले होते आणि त्याची टांकसाळ दोन्ही धातू त्या प्रमाणात स्वीकारत होती. समजा, लंडनमध्ये चांदी स्वस्त होऊन एक औंस सोन्याला सोळा औंस मिळू लागली. व्यापारी एक औंस सोने देऊन ती सोळा औंस चांदी घेई, पॅरिसला साडेपंधरा औंसांची नाणी पाडून त्यांच्या बदल्यात एक औंस सोने परत मिळवी आणि अर्धा औंस चांदी, वाहतूक व घडणावळीचा खर्च वजा जाता, त्याच्यापाशी उरे. हा नफा दिसताच चांदी फ्रान्समध्ये शिरे, सोने बाहेर पडे आणि बाजारभाव पुन्हा साडेपंधराकडे सरके. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातून १८४८ नंतर प्रचंड सोने आले, तेव्हा याच्या उलट घडले: फ्रान्सने सोने सामावून घेतले, तिथली चांदी सुटली आणि तिचा मोठा भाग हिंदुस्थानात आला. दोन्ही धातूंच्या लाटा पोटात घेणारे हे जणू एक धरणच होते.

ते १८७० च्या दशकात फुटले. फ्रान्सविरुद्धचे युद्ध जिंकलेल्या जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारून चांदी विकायला काढली. त्या चांदीचा लोंढा अंगावर घेण्याऐवजी फ्रान्स व त्याच्या सहकारी देशांनी १८७४ पासून चांदीच्या नाण्यांवर मर्यादा घातली आणि १८७८ पर्यंत पाच फ्रँकची चांदीची नाणी पाडणे थांबवले. चांदी स्वस्त झाल्याबद्दल अमेरिकेतील नेवाडाच्या चांदीच्या खाणींना सर्व दोष देण्याची पद्धत मला पटत नाही, कारण त्याआधी सोन्याची लाट येऊनही प्रमाण फारसे ढळले नव्हते. निर्णायक बदल टांकसाळींच्या दारात झाला. लंडनमध्ये चांदीचा भाव औंसाला सुमारे ६० पेन्सवरून १८९२ पर्यंत ४० च्या आसपास उतरला आणि रुपयाही १५ पेन्सवर आला. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये व्याज, निवृत्तिवेतने वगैरे पौंडांत द्यावी लागत. एक कोटी पौंडांसाठी २३ पेन्सच्या दराने सुमारे १०.४ कोटी रुपये पुरत, १५ पेन्सच्या दराने १६ कोटी लागत. आणि हा फरक अखेर इथल्या रयतेकडूनच वसूल होणार होता.

२६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. नवे रुपये दुर्मीळ झाले. दर आधी १३ पेन्सपर्यंत घसरला, मग चांदी उतरतच असताना १८९८ मध्ये १६ पेन्सवर पोहोचला. तेव्हा रुपयातील चांदी जेमतेम दहा पेन्सची होती. धातूमुळेच नाण्याला मोल येते ही समजूत अजूनही टिकून आहे, पण खुद्द चांदीच्या रुपयाने ती तेव्हाच खोटी पाडली होती. याची किंमत अनेकांनी मोजली. शेतकऱ्याच्या घरातील चांदीचे दागिने आता रुपयाच्या भावाने विकता येईनात, आणि चीनला सूत विकणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना मिळणाऱ्या चांदीचे रुपये कमी झाले.

१६ पेन्सच्या या दराला एक अंगभूत मर्यादा होती: चांदी औंसाला ४३ पेन्सच्या वर गेली, की रुपया चालवण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, चांदीने ही रेषा ओलांडली. सरकारला दर वाढवावा लागला, आणि चांदीच्या रुपयांची टंचाई भागवण्यासाठी त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला एक रुपयाची कागदी नोट चलनात आली.