कॅमेरा ‘स्लो’ झालाय? दुरुस्तीला टाकण्याआधी हे वाचा

छोट्या डिजिटल झूम कॅमेऱ्यांबद्दल आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार एकच: बटन दाबल्यावर फोटो उशिरा निघतो. मूल उडी मारून खाली येतं तेव्हा क्लिक होतो, किंवा फ्रेममध्ये नुसती पाठ येते. अशा बहुतेक कॅमेऱ्यांत उघडून दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. म्हणून कॅमेरा ठेवून घेण्याआधी आम्ही काउंटरवरच एक चाचणी करायला सांगतो. काहींना ती टाळाटाळ वाटते. पण ठणठणीत कॅमेरा विनाकारण उघडला तर लेन्समध्ये धूळ जाण्याचा धोका तुमचाच असतो.

शटरचं बटन दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस करतो आणि उजेड मोजतो. पूर्ण दाबलं की फोटो घेतो. एका झटक्यात खोलवर दाबलं तर ही सगळी कामं त्या क्षणी सुरू होतात. बहुतेक छोटे कॅमेरे फोकस शोधताना लेन्स थोडीथोडी सरकवत चित्र कुठे सर्वांत रेखीव दिसतं ते तपासतात. जुन्या रेडिओवर स्टेशन लावताना काटा थोडा पुढे जाऊ देऊन परत मागे आणतात, तसं. ती जागा ओलांडल्याशिवाय ती सर्वोत्तम होती हे कॅमेऱ्याला कळत नाही. यात सहज अर्धा सेकंद जातो. झूम पूर्ण ताणलेला आणि खोलीत उजेड कमी असेल, तर एक सेकंद किंवा त्याहूनही जास्त. झूम ताणला की लेन्सचं तोंड एफ २.८ वरून एफ ५.९ च्या आसपास येतं (एफचा आकडा मोठा, तर तोंड लहान), म्हणजे उजेड जेमतेम पाव उरतो; शिवाय फोकससाठी लेन्सला जास्त सरकावं लागतं. ताशी साधारण ११ किलोमीटर वेगाने धावणारं मूल अर्ध्या सेकंदात दीड मीटर पुढे गेलेलं असतं.

बटन आधी अर्धं दाबून धरलं, तर उरलेला उशीर बहुतेक कॅमेऱ्यांत ०.१ सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो.

हे माहीत असूनही होणारी चूक अशी: लोक अर्धं दाबतात, हिरवी चौकट येते, ‘पीप’ वाजतं आणि मग बोट उचलून बटनावर जोरात ठोकतात. बोट उचललं की पकडलेला फोकस सुटला. कॅमेरा पुन्हा पहिल्यापासून शोधू लागतो. बोट वर न्यायचं नाही. अर्ध्यावर टेकवून ठेवायचं आणि क्षण आला की तिथूनच किंचित खाली दाबायचं. ठोकल्याने कॅमेरा हलतो, हे वेगळंच. मूल जिथे येणार आहे तेवढ्याच अंतरावरच्या वस्तूवर, म्हणजे घसरगुंडीच्या टोकावर किंवा उंबरठ्यावर, फोकस धरून थांबा. धरल्यानंतर स्वतः पुढेमागे सरकू नका. चौकट पिवळी किंवा लाल आली तर फोकस मिळालेला नाही; तसंच दाबून उपयोग नाही, जवळची एखादी ठळक कडा पकडा.

आता चाचणी. सेकंदाचे शतांश दाखवणारं स्टॉपवॉच चालू करून कॅमेरा त्यावर रोखा. फ्लॅश बंद, झूम पूर्ण मागे घेतलेला, खोलीत भरपूर उजेड. आठ, नऊ, दहा अशी लय धरून बरोबर दहाला बटन एकदम पूर्ण दाबा आणि फोटोतला आकडा वाचा. मग तेच, पण आधी अर्धं धरून. दोन्ही वेळा डोळे स्टॉपवॉचवर ठेवा, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नाही. स्क्रीनवरचं चित्रही थोडं मागून येत असतं. प्रत्येक प्रकार चार-पाचदा करा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे फोकसचा वेळ. अर्धं धरूनही आकडा वारंवार दहाच्या पुढे पाव सेकंदापेक्षा जास्त जात असेल, तर कॅमेरा जरूर आणा.

फ्लॅशचं गणित वेगळं आहे. ‘रेड-आय’, म्हणजे फ्लॅशने डोळे लाल दिसू नयेत म्हणून दिलेली सोय, चालू असेल तर मुख्य फ्लॅशच्या आधी दिवा लागतो किंवा छोटे फ्लॅश उडतात, आणि त्यात एखादा सेकंद जातो. पहिला चमकला की फोटो झाला असं समजून माणसं हलतात. ते मेनूतून बंद करा, डोळ्यांतला लाल रंग नंतर काढता येतो. एका फ्लॅशनंतर दुसरा भरायलाही काही सेकंद लागतात. बाजूचा केशरी दिवा लुकलुकत असेपर्यंत अनेक कॅमेरे फोटोच घेत नाहीत. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात साधे अल्कलाइन सेल अर्धे उतरले की हा वेळ खूप वाढतो. चार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असले तरी जास्त करंट सहज देतात. पडून राहिल्यावर फारसे न उतरणारे घ्या. आमच्याकडे तेच असतात.

मेमरी कार्ड विकणं हा आमचा धंदा आहे, तरीही सांगतो: महाग कार्डाने पहिला क्लिक लवकर होत नाही. कार्डाचा वेग लागतो तो फोटो घेतल्यानंतर, ते साठवताना. सलग फोटो घेताना कॅमेरा मध्येच अडत असेल तर दहाच्या क्लासचं कार्ड, म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिणारं, कामाचं. मात्र जुना कॅमेरा फक्त साधं एसडी घेत असेल तर २ जीबीच्या वरचं कार्ड तो ओळखणार नाही, त्यामुळे कॅमेरा सोबत आणूनच कार्ड घ्या.

फोटो निघाल्यावर तो स्क्रीनवर दाखवण्याची वेळ शून्य करा. फुलाचं चिन्ह, म्हणजे मॅक्रो, चुकून चालू राहिलं तर लेन्स उगाच जवळचंही शोधत बसते. लांबच्या दृश्याला डोंगराचं चिन्ह लावलं की शोध जवळपास संपतोच. सलग फोटोंच्या मोडमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांचा फोकस पहिल्या फोटोलाच बांधला जातो, त्यामुळे तुमच्याकडे धावत येणारं मूल तिसऱ्या फोटोत धूसर दिसलं तर तो बिघाड नव्हे.

फोटो योग्य क्षणी निघाला पण हललेला असेल तर तो उशीर नाही. शटर जास्त वेळ उघडं राहिलं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, वाढवा.

खरे बिघाडही असतात. अर्ध्या टप्प्याचा स्विच झिजला की हिरवी चौकट कधी येते, कधी नाही. वाळू गेली की झूम घरघरतो, अडकत पुढे येतो; तेव्हा चालू-बंद करत बसू नका, गिअर खराब होतात. अशा कामाचा अंदाज आधी सांगून मगच कॅमेरा उघडतो. तपासणीत दोष निघाला नाही तरी तपासणीचे पैसे घेतो, कारण चाचणीत वेळ जातो. पण सेटिंग तुमच्यासमोर लावून देतो आणि त्याचं वेगळं काही घेत नाही.

येताना तुम्ही वापरता तेच सेल आणि तेच कार्ड आणा, आणि उशिरा निघालेले फोटो पुसू नका. त्यांत शटरचा वेळ, फ्लॅश आणि झूमची नोंद असते. अर्धं निदान तिथेच होतं.