ओझरचं मिग, टेबलावरचं मिग

नाशिकहून आग्रा रोडने वीसेक किलोमीटर गेलं की ओझर येतं. इकडे सगळे त्याला ‘ओझर मिग’च म्हणतात. गावाच्या नावाला लढाऊ विमान चिकटलेलं. त्यामुळे प्लॅस्टिकची स्केल मॉडेलं करायचं खूळ डोक्यात शिरलं, तेव्हा पहिला किट कोणता घ्यायचा हा प्रश्न मला पडलाच नाही.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भारताने सोव्हिएत मिग-२१ निवडलं आणि ते इथेच बांधायचं ठरलं. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. १९६४मध्ये हा सारा पसारा हिंदुस्थान एरोनॉटिक्सखाली, म्हणजे आपल्या एचएएलखाली आला. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६३मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. कारखाना ओझरलाच का, या प्रश्नाचं उत्तर नाशिककर सहसा तिथेच संपवतात.

छोट्या विमानांची गोष्ट त्याहून जुनी. १:७२ हे माप ब्रिटिशांच्या फूट-इंचांतून आलं: सहा फुटांचा माणूस एक इंचाचा. १९३६मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाने प्लॅस्टिकचे किट याच मापात निघाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनी नौदलासाठी लाकडाची मॉडेलं तासली, तीही १:७२ची. अकरा मीटरवरून पाहिलं की आठशे मीटरवरचं विमान दिसतं, एवढा साधा हिशेब. आपलं कोण, शत्रूचं कोण हे सैनिकांनी त्यावर ओळखायला शिकायचं. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग करणाऱ्यांना बाल्सा लाकूड आणि पॉलिश पेपरची धूळ चांगली ठाऊक असते.

म्हणजे मॉडेल मुळात ओळख पटवण्यासाठी होतं, आणि मिग-२१च्या बाबतीत ओळख पटवणं हेच खरं काम आहे. कारण ‘मिग-२१’ नावाचं एकच विमान कधी नव्हतं. ओझरला त्याचा आधी एफएल हा प्रकार बांधला, मग एम, मग बिस. एफएलच्या पोटात तोफ नाही. लागलीच तर खाली तोफेचा वेगळा पॉड, म्हणजे डबा टांगायचा. पंखांखाली दोनच पायलॉन, म्हणजे शस्त्रं टांगायचे खांब, पाठीचा कणा बारीक, वेग मोजणारी पिटोची नळी नाकावर मधोमध. एमला २३ मिलिमीटरची तोफ पोटातच बसवली, पायलॉन चार झाले, नळी उजवीकडे सरकली. बिसचा कणा आणखी फुगला. किट एमचा आणि डिकॅल, म्हणजे चिकटवायची चिन्हं, एफएलची, असं झालं की जाणकार एका नजरेत पकडतो. १९७१ची विमानं करायची तर रंगाचीही पंचाईत. मूळची चंदेरी विमानं युद्धाच्या धामधुमीत स्क्वाड्रनच्या तळावरच रंगवली गेली, त्यामुळे दोन विमानांचे पट्टे सारखे सापडत नाहीत. चंदेरीच ठेवावं म्हटलं, तर पुट्टीवरचा केसाएवढा ओरखडाही त्या रंगाखालून वर येतो. मी दोन हजार नंबरचा पेपर पाण्यात भिजवून घासत बसतो आणि तरीही पंखाच्या मुळाशी तो दिसतोच.

आमच्या गल्लीतले एक काका ओझरला फिटर होते. माझं पहिलं मिग त्यांना दाखवायला नेलं. पंखाचा पसारा जेमतेम दहा सेंटिमीटर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, विमान डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, “अरे, ही पत्र्यांमधली फट केवढी ठेवलीस?”

“०.३ मिलिमीटर, काका.”

“आता बहात्तरने गुण. दोन सेंटिमीटर. बोट जाईल की रे आत! आमचं इन्स्पेक्शन असतं तर विमान शेडमधून हललं नसतं.”

तेव्हापासून पॅनलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या, रेघा खोल कोरणं मी सोडलं. रेघांत पातळ केलेला करडा रंग, म्हणजे वॉश, सोडून पुसून घेतो, तेवढं पुरतं.

ओझरने पुढे १६५ मिग-२७ बांधली आणि मग सुखोई-३०. मिग-२७ डिसेंबर २०१९मध्ये जोधपूरला निवृत्त झालं. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये मिग-२१ला निरोप दिला. १९६३मध्ये त्याची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती तिथेच. त्यानंतर महिनाही लोटला नाही, तोच १७ ऑक्टोबरला ओझरवरून इथल्या नव्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क १ए उडालं.

माझ्या टेबलावर सध्या एफएल आहे. नाकाच्या शंकूत मासेमारीची शिशाची गोळी बसवली, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. आता कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचं काचेचं झाकण, उघडी चिकटवायची आहे. एमची उजवीकडे उघडते, एफएलची पुढे. किटच्या कागदावर मात्र उजवीकडे दाखवली आहे. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “कागद फेकून दे.”