घरगुती परिवर्ती-व्होल्टेज ई-सिगारेट : उष्णता व जोडणीचा दर्जा

सुटा व्होल्टेज रेग्युलेटर, लिथियम-आयन सेल आणि लहान डबी घेऊन हौशी लोकांनी घरी जोडलेली, द्रव तापवून त्याची वाफ करणाऱ्या कॉइलला मिळणारे व्होल्टेज कमी-जास्त करता येणारी ई-सिगारेट. २०१० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील हौशी मंडळींमध्ये अशा ‘बॉक्स मॉड’ची बरीच चलती होती.

कॉइल तापणे हे या उपकरणाचे कामच आहे. अडचण होते ती इतरत्र निर्माण होणाऱ्या उष्णतेची. २ ओहमची कॉइल ४ व्होल्टवर २ अँपिअर प्रवाह घेते आणि ८ वॉट उष्णता देते. सुरुवातीच्या काही जोडण्यांत लिनिअर रेग्युलेटर असे. एकसरीत जोडलेल्या दोन सेलचे सुमारे ७.४ व्होल्ट त्याने ४ वर आणले, की उरलेले ३.४ व्होल्ट त्याच्यातच खर्ची पडत, म्हणजे जवळजवळ ७ वॉट उष्णता बंद डबीत कोंडली जाई. पुढे मुराता कंपनीच्या ओकेआर-टी/१० सारखे स्विचिंग कन्व्हर्टर, म्हणजे प्रवाह झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारे भाग, आले. त्यांची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर याच कामात एक वॉटही वाया जात नाही.

मात्र कन्व्हर्टर बदलल्याने हाताच्या कामातील उणिवा झाकल्या जात नाहीत. १ ओहमच्या कॉइलच्या वाटेवर थेट बसवलेल्या बटणाचा संपर्करोध ०.०५ ओहम असला, तरी ४ अँपिअरला त्या इवल्याशा जागी ०.८ वॉट उष्णता साठत जाते आणि बटणाचे प्लॅस्टिक मऊ पडू लागते. म्हणून बटणाने फक्त कन्व्हर्टरची चालू-बंद पिन हाताळणे अधिक शहाणपणाचे. सेल-होल्डरच्या पोलादी स्प्रिंगा, बारीक वायर आणि नीट न वितळलेल्या सोल्डरचे टाके हीही तापण्याची नेहमीची ठिकाणे असून वरवर चकाचक दिसणाऱ्या डबीतही ती सापडतात.

व्होल्टेज ठरवणारा रोधक हा तर वेगळाच नाजूक भाग आहे. ओकेआर-टी/१० मध्ये ४ व्होल्टसाठी सुमारे ३४७ ओहम आणि ६ व्होल्टसाठी सुमारे २१९ ओहम रोध लागतो. या रोधकाची वायर तुटली तर व्होल्टेज ०.५९१ पर्यंत खाली येते, म्हणजे बिघाड निरुपद्रवी ठरतो. ती ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या ऋण बाजूला, टेकली तर मात्र व्होल्टेज वर धावते. त्यामुळे फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या रोधकासोबत एकसरीत एक स्थिर रोधक ठेवणे आवश्यक असते.

कन्व्हर्टरच्या माहितीपत्रकातील कमाल प्रवाहाचे आकडे हवा खेळती असल्याचे गृहीत धरतात, आणि खिशातल्या डबीत ती नसते. ॲल्युमिनियमची डबी उष्णता बाहेर टाकते, लाकडाची ती धरून ठेवते, तर त्रिमितीय छपाईतील पीएलए प्लॅस्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ होते. सेल उतरत जातात तसा कन्व्हर्टर तेवढ्याच शक्तीसाठी त्यांच्याकडून जास्त प्रवाह ओढतो. शिवाय तो ४.५ व्होल्टपर्यंत, म्हणजे प्रत्येक सेल २.२५ वर येईपर्यंत, चालू शकतो. सेलच्या दृष्टीने ही पातळी फारच खालची आहे. दोन सेल सारख्या क्षमतेचे नसतील, तर दुबळा सेल त्याआधीच धोक्यात येतो. सेलमधील दोन ध्रुवांना वेगळे ठेवणारा पॉलिएथिलीनचा विभाजक पडदा सुमारे १३० अंशांना वितळतो. फुटणाऱ्या सेलचा वायू बाहेर पडावा म्हणून डबीला भोके ठेवावी लागतात, आणि घरगुती कामात नेमकी तीच राहून जातात.

भारतात २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्यातील ‘उत्पादन’ या संज्ञेत सुटे भाग जोडणेही येते.